डोळ्यांच्या रेषेत

आमच्या ओउलूत जूनमध्ये रात्र होत नाही.
नेमके तेव्हाच लोक रंग घ्यायला येतात
आणि मी, तेल्लेर्वो, बत्तीस वर्षं डबे ढवळणारी,
गल्ल्यामागून म्हणते, जरा थांबा.
थांबतंय कोण!

इल्पो आणि मिन्तूही थांबले नाहीत.
पांढरा हवा, म्हणाले, अगदी पांढरा,
नवं घर, नवा संसार, उत्तरेची मोठी खिडकी.
दिला.
नोव्हेंबरात मिन्तू परत आली,
टोपीवरचा बर्फ न झटकताच म्हणाली,
तुमचा रंग विटला.
विटला नव्हता गं.
उजेड गेला, आणि भिंती
ताकावरच्या निवळीसारख्या निळसर पडल्या.
रंग काही नुसता डब्यात नसतो,
निम्मा खिडकीतून येतो.
म्हणून हातभर फळी रंगव,
सकाळी बघ, दुपारी बघ, दिवा लावून बघ,
आठवडाभर तिच्याशी भांड,
आणि मग भिंतीला हात लाव.

शनिवारी तिच्या घरी गेले.
सोफा जिन्यात होता.
इल्पोने खोली मोजली होती, सोफा मोजला होता,
लिफ्टचं दार मोजायचं राहिलं.
दोन आठवडे तो तिसऱ्या मजल्याच्या वळणावर,
खालचे म्हातारे उर्पो त्यावर बसून पेपर वाचत होते,
कोणीतरी पायाशी मांजरासाठी बशीही ठेवली होती.
खरं सांगू? त्या इमारतीत
इतकी चांगली बैठक दुसरी नव्हती.

आत गालिचा, स्वस्तात मिळालेला, वीतभर,
आणि भोवती चार खुर्च्या,
थंड तळ्यात उतरायला कचरणाऱ्या पोरांसारख्या
काठावर अंग चोरून.
बाकी सगळं सामान भिंतींना पाठ लावून,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत.
वर छताला एकच दिवा.
त्याखाली आम्ही कॉफी प्यायलो,
चौकशीला आणल्यासारखे.

मी म्हटलं, तीन लहान दिवे आण.
एक वाचायला, एक कोपऱ्याला,
एक खिडकीत ठेव, बाहेरून येणाऱ्यासाठी.
आणि खुर्च्या ओढ जवळ, माणसं बोलतात
तेवढ्या अंतरावर.
मिन्तूने सगळं लिहून घेतलं.
मला जरा बरं वाटलं, जरा लाजही.

कारण आमच्याकडचं चित्र.

तौनोच्या बहिणीने काढलेलं,
डांबर फासलेली नाव, वाळूवर ओढून ठेवलेली.
तौनो बंदरात क्रेन चालवायचा, सहा फूट तीन इंच.
खिळा त्याने ठोकला, स्वतःच्या डोळ्यांसमोर,
आणि सव्वीस वर्षं मी
मान वर करून नावेचं बूड पाहत आले.
चित्र डोळ्यांच्या रेषेत लावा,
हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते.
कोणाच्या डोळ्यांच्या,
असं एकानेही विचारलं नाही.
मीही नाही.

आता तौनो रविवारी घरी येतो,
चाकांच्या खुर्चीत, अर्धे शब्द हरवून.
पहिल्या रविवारी चाक गालिच्यात अडकलं,
गालिचा गुंडाळला.
मग टेबल सरकवलं, मग उंबऱ्याची पट्टी काढली.
तो काही बोलला नाही.
फक्त मान वर करून बसला,
मी बसायचे तशीच.

सोमवारी दुकान उशिरा उघडलं.

परवा मिन्तू आली. आता तिला सगळं कळतं.
दारातूनच म्हणाली,
तेल्लेर्वो, चित्र फारच खाली आलंय तुमचं,
चूक आहे ही.
मी बुटकं स्टूल पुढे सरकवलं.
आधी बस, म्हटलं.

बसली.
बराच वेळ नावेकडे बघत राहिली.
कॉफी निवली.

वरचं भोक अजून तसंच आहे.
दुकानात पुट्टीचे तीन प्रकार आहेत,
तिन्ही चांगले.